आंबा राखायचा, तर 3 लाख 80 हजार कुठून आणायचे?

आपण सगळे आकडे कळवलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. सांगली महापालिका हद्दीतील 4,000 चौरस फुटांच्या वडिलोपार्जित प्लॉटवर आपण 62 लाखांत घर बांधत आहात आणि त्यापैकी 40 लाख कर्जाचे आहेत. प्लॉटच्या मागे वडिलांनी 1972 च्या दुष्काळानंतर लावलेला, सहा फूट घेराचा आंबा आहे, तर पुढच्या भिंतीच्या आखणीपासून आठ फुटांवर गुलमोहर आहे. कंत्राटदार दोन्ही झाडे तोडा म्हणतो. आर्किटेक्ट घर पुढे सरकवून आंब्याच्या बाजूला पाइल (जमिनीत खोल उतरवलेले सुटे खांब) आणि त्यांवरच्या बीमचा पाया सुचवतात व त्यापोटी 3 लाख 80 हजार वाढीव मागतात. आपले वय 52 आहे.

माझ्या मते आंबा राखावा, गुलमोहर रीतसर परवानगीने काढावा आणि यासाठी कर्जात एक रुपयाही वाढवू नये.

कर्जाचे आधी पाहू. निवृत्तीपूर्वी, म्हणजे 8 वर्षांत, 40 लाख फेडायचे तर 9 टक्के दराने हप्ता 58,600 रुपयांच्या घरात जातो. त्यात 3 लाख 80 हजारांची भर घातली, तर हप्ता आणखी सुमारे 5,570 रुपयांनी वाढतो आणि ती रक्कम व्याजासह 5 लाख 34 हजारांना पडते. आपल्या पगारावर हा ताण मला पेलणारा वाटत नाही, आणि भविष्य निर्वाह निधीला तर हात लावूच नये.

मात्र 3 लाख 80 हजार हा आकडा मला जसाच्या तसा मान्य नाही. सांगलीच्या काळ्या मातीत, जी पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, झाड नसते तरी पाया साधा ठेवून भागले नसते. म्हणून आर्किटेक्टकडून ‘झाड नाही असे धरून’ त्याच जमिनीवरील पायाचे दुसरे अंदाजपत्रक मागवा. दोहोंतला फरक तेवढाच आंब्याच्या नावावर टाकता येईल.

उरलेली रक्कम अंदाजपत्रकातूनच निघू शकते. मागच्या बाजूची पक्की कंपाउंड भिंत रद्द करून तिथे तारेची जाळी लावावी. भिंतीच्या सलग चरात मुळे तुटतात, तेही टळेल. साडेपाच लाखांचे मॉड्युलर किचन आणि पोर्चचे ग्रॅनाइट दोन वर्षे लांबवता येते. पाया लांबवता येत नाही.

खरा धोका आंबा अर्धवट राखण्याचा आहे. खोडाच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येचे वर्तुळ मुळांसाठी मोकळे ठेवावे, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. आपल्या आंब्यासाठी ते सुमारे 23 फूट होते. पोषण घेणारी बहुतेक मुळे वरच्या दोन-तीन फुटांत असतात. खडीचे ढीग, जेसीबीच्या फेऱ्या, मिक्सर धुतलेले पाणी यांनी ती गुदमरतात, आणि झाड लगेच न मरता तीन-चार वर्षांनी वाळू लागते. तेव्हा घर उभे असेल, क्रेन आत येणार नाही आणि फांदीफांदी दोराने उतरवावी लागेल. म्हणजे आज वाढीव पैसे भरूनही शेवटी झाड गेलेच. 2019 च्या पुरानंतर आपल्याकडे दोन-तीन फूट मुरूम भरून अख्खा प्लॉट उंच करण्याची पद्धत पडली आहे. आपण प्लिंथ, म्हणजे घराचे जोते, हवी तितकी उंच घ्या, पण आंब्याखाली भराव टाकू देऊ नका. कंत्राटात तसे लिहून घ्या आणि अखेरच्या बिलातले 50 हजार एक पावसाळा उलटेपर्यंत हातात ठेवा.

तोडणे स्वस्त, हा कंत्राटदाराचा हिशेबही पुरता नाही. राज्याच्या वृक्ष संरक्षण कायद्यातील 2021 च्या दुरुस्तीनंतर शहरी भागात 50 वर्षे वा त्याहून जुने झाड वारसा वृक्षांत मोडते आणि ते तोडल्यास त्याच्या वयाइतकी झाडे लावावी लागतात. आपल्या आंब्याला ती वयोमर्यादा लागू होण्याची दाट शक्यता आहे. गुलमोहराची गोष्ट निराळी: त्याचे लाकूड ठिसूळ, आणि घर पुढे सरकले की ती आठ फुटांची जागाही उरत नाही. मात्र त्यासाठीही महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागतेच.

फळांचे उत्पन्न किंवा पुढे घर विकताना मिळणारा जादा भाव मी या हिशेबात धरलेला नाही; आंब्यासाठी गिऱ्हाईक जास्त पैसे मोजते, असा माझा अनुभव नाही. पश्चिमेच्या खोल्यांवरची सावली हा फायदा खरा आहे, पण तो रुपयांत मांडण्याचा आव मी आणणार नाही. विमा मात्र घ्यावा. 1 एप्रिल 2021 पासून मिळणाऱ्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत झाड कोसळून घराचे झालेले नुकसान धरलेले असते. शेजाऱ्यांच्या पत्र्यावर फांदी पडली, तर ती भरपाई वेगळी. म्हणून दर उन्हाळ्यात छाटणीसाठी थोडी रक्कम बाजूला काढत जा. मोठ्या फांद्या छाटण्यापूर्वीही प्राधिकरणाला विचारावे.

गुलमोहराचा अर्ज बांधकाम परवानगीच्या फायलीबरोबरच द्यावा, आणि कर्जाचा पहिला हप्ता उचलण्यापूर्वी, जेसीबी येण्याआधी, आंब्याभोवती पत्र्याचे कुंपण स्वतःच्या पैशाने उभे करावे.