शोधायला बारा रकाने कशाला?

प्रश्न: आमच्या वाचनालयाची पुस्तकं यंदा संगणकावर चढवली. सॉफ्टवेअरवाल्यांनी 'प्रगत शोध' म्हणून बारा रकान्यांचं एक पान दिलंय. सभासद तिकडे फिरकत नाहीत, थेट माझ्या टेबलापाशी येतात. मी पार वैतागले आहे. त्यांच्यासाठी प्रशिक्षण वर्ग घ्यावा का?
— एक ग्रंथपाल, वाळवा तालुका, जि. सांगली

उत्तर: वर्ग अजिबात घेऊ नका, ताई. पुस्तक मागायला आलेल्या माणसाला आधी शाळेत बसवायचं, हे मला पटत नाही. तुम्ही पाठवलेला पडद्याचा फोटो पाहिला. पहिलाच रकाना आयएसबीएनचा, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांकाचा! हा क्रमांक १९७० च्या सुमारास सुरू झाला. त्याआधीच्या पुस्तकांवर तो नाहीच, आणि हल्लीच्या पुस्तकाचे तेरा आकडे पाठ असलेला सभासद मला तरी साताऱ्यात भेटलेला नाही. दुसरा रकाना वर्गांकाचा. पुस्तकं विषयवार लावायचा हा क्रमांक तुमच्या कामाचा, वाचकाच्या नाही. दोन्ही उडवा.

वर एकच मोठी पट्टी ठेवा. टंकलेला शब्द लेखक, शीर्षक, विषय सगळीकडे शोधला जाऊ दे. गाळणी नंतर लावायची: निकालांच्या बाजूला 'कादंबरी (४२)', 'चरित्र (७)', 'आत्ता कपाटात आहे (३०)' असे पर्याय आकड्यांसकट दिसले, की कुठे बोट लावायचं ते आपोआप कळतं.

'आणि / किंवा'ची ती खिडकीही नको. शेतकरी 'ऊस आणि हळद' म्हणतो तेव्हा त्याला दोन्हींची पुस्तकं हवी असतात. यंत्र मात्र ज्यात दोन्ही शब्द आहेत तेवढीच काढून देतं. तिथे सरळ 'हे सगळे शब्द' आणि 'यातला कोणताही शब्द' असं लिहा.

खरी गोम मराठी टंकण्यात आहे. तुमच्याच तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे घ्या. कुणी 'अण्णाभाऊ' जोडून लिहितं, कुणी तोडून. पुस्तकं तीच यायला हवीत. माडगूळकरांचा 'गू' कुणी ऱ्हस्व टंकला तरी अडायला नको. आणि 'साताऱ्याचा' मधला 'ऱ्या' तर दोन तऱ्हांनी साठवला जातो: एकात खाली टिंब असलेला 'ऱ', दुसऱ्यात साधा पाय मोडलेला 'र' आणि त्याच्यामागे न दिसणारं एक चिन्ह. डोळ्याला फरक कळत नाही, यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. नोंद एका तऱ्हेने झाली आणि वाचकाने मोबाइलवर दुसऱ्या तऱ्हेने टंकलं, की पुस्तक समोरच्या कपाटात असूनही 'काही सापडले नाही'. नोंदीत आणि शोधात दोन्ही रूपं एक करून घ्यायला सांगा. 'होत नाही' म्हणाले तर ऐकून घेऊ नका, होतं.

'प्रगत' ही पाटी काढून 'आणखी नेमकं शोधा' लिहा आणि ते पान खाली ठेवा. पीएच.डी.वाल्यांना प्रकाशक, भाषा, वर्ष कधीपासून कधीपर्यंत, एवढं पुरतं.

हे झालं की चार-पाच सभासदांना संगणकापुढे बसवा, मनातलं पुस्तक शोधायला सांगा आणि शेजारी गप्प बसा. अगदीच राहवलं नाही तरी बोट दाखवायचं नाही. कुठे अडतात ते लिहून सॉफ्टवेअरवाल्यांना पाठवा. शेवटचा हप्ता त्यानंतरच द्या.