काळा वॉलपेपर

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

रविवारी, १९ ऑक्टोबर २०२५ला, आपल्या मॅंचेस्टर युनायटेडने फुटबॉलमध्ये लिव्हरपूलला हरवलं आणि त्या रात्री तुझे बावीस मेसेज आले. मोजले मी. पहिले नऊ नुसतेच ‘काकाऽऽ’, आणि दर वेळी एकेक अवग्रह वाढलेला. दहाव्यात टीव्हीच्या पडद्याचा हललेला फोटो. त्यात आपला बचावपटू मॅग्वायर कुठला आणि जाळी कुठली, ते मला अजून कळलेलं नाही. उत्तर दिलं नाही, कारण माझीही बोटं जागेवर नव्हती. मग काल दुपारी तेविसावा आला, एका ओळीचा. ‘जिंकलो ना आपण, मग आज असं रिकामं रिकामं का वाटतंय?’

बाकीच्या बावीस मेसेजना एखादं हसरं तोंड पाठवून भागलं असतं. या तेविसाव्यासाठी मात्र पत्रच लिहायला बसलो. फोन केला असता तर तू मला बोलू दिलं नसतंस.

आधी सामन्याचं बोलू दे. ते मनातून उतरल्याशिवाय मला पुढचं सुचायचं नाही. बासष्टाव्या सेकंदाला गोल! मी खुर्चीत नीट टेकलोही नव्हतो. त्यांचा मॅकॅलिस्टर डोकं धरून खाली पडलेला, पंच ऑलिव्हरने खेळ थांबवला नाही, आपल्या अमादने चेंडू पुढे काढून दिला आणि एम्ब्यूमोने मारला. (शिट्टी वाजायला हवी होती, असं लिव्हरपूलवाले म्हणतात. आपल्या बाबतीत झालं असतं तर मीही तेच म्हणालो असतो, आणि जास्त मोठ्याने.) त्यानंतर तासाहून जास्त वेळ चेंडूपेक्षा घड्याळच बघितलं. त्यांच्या गाकपोचा चेंडू गोलच्या खांबाला लागला. मग पुन्हा लागला. मग तिसऱ्यांदा. ७८व्या मिनिटाला त्याने अखेर बरोबरी साधली तेव्हा मी टीव्ही बंद करायला उठलो होतो, हे तुला सांगायचं राहिलं. रिमोट सापडला नाही म्हणून थांबलो. सहा मिनिटांनी आपल्या ब्रूनोचा क्रॉस आला, लांबच्या खांबापाशी मॅग्वायर उभा होता, आणि पुढचं तुझ्या हललेल्या फोटोत आहे.

२–१. अ‍ॅनफिल्डवर. याआधी त्यांच्या या घरच्या मैदानावर आपण लीगचा सामना जिंकलो तो १७ जानेवारी २०१६ला, रूनीच्या एकुलत्या एका गोलवर. तेव्हा तू मला ‘ऑफसाइड म्हणजे काय’ हे आठवड्यातून तीनदा विचारायचीस, आणि मी चमचे मांडून समजावायचो.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. ५ मार्च २०२३ची रात्र आठवतेय? अ‍ॅनफिल्डवर सात-शून्य. या दोन क्लबांच्या साऱ्या लढतींमध्ये इतक्या मोठ्या फरकाने आपण कधीच हरलो नव्हतो. सहावा गोल झाल्यावर तू बोलायची थांबलीस, आणि सामना संपल्यावर फोनचा वॉलपेपर काळा करून टाकलास. ‘हे फिटेपर्यंत काढणार नाही,’ म्हणालीस. वर्षभराने, मार्च २०२४मध्ये, एफए कपात आपण त्यांना ४–३ हरवलं. जादा वेळेच्याही शेवटी अमादने गोल केला, आनंदात शर्ट काढला, त्याबद्दल दुसरं पिवळं कार्ड घेतलं आणि हसत हसत मैदानाबाहेर गेला. मला वाटलं, आता तरी वॉलपेपर बदलेल. तर तू म्हणालीस, ‘घरच्या मैदानावरचं धरायचं नाही. अ‍ॅनफिल्डवरच फिटलं पाहिजे.’

बरं. परवा अ‍ॅनफिल्डवर फिटलं. सोमवारी मी विचारलं, वॉलपेपर बदललास का? तू म्हणालीस, ‘काय लावू तेच कळत नाहीये.’

पोरी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर तूच त्यात देऊन बसली होतीस. अडीच वर्षं तू एक उधारी सांभाळलीस. रोज फोन उघडला की ती समोर. रविवारी ती वसूल झाली असं ठरवलंस, आणि हातात आले लीगचे तीन गुण. ग्रिम्सबीसारख्या चौथ्या श्रेणीतल्या क्लबाकडून ऑगस्टमध्ये आपण लीग कपातून पेनल्टीवर बाहेर पडलो, ते काही त्या तीन गुणांनी पुसलं नाही. गेल्या मोसमात पंधराव्या क्रमांकावर राहिलो, तेही तसंच. सात-शून्यही तिथेच आहे. पुढच्या शतकातही कुणी आकडेवारी काढली तर सात-शून्यच निघणार. मग फिटलं काय?

शरीराचा भागही आहेच. दोन तास छाती धडधडवून घेतली की दुसऱ्या दिवशी अंगातलं वारं जातं. २००६चा विश्वचषक जर्मनीत झाला तेव्हा म्युनिक भागातल्या डॉक्टरांनी नोंदी ठेवल्या होत्या. जर्मनीच्या सामन्यांच्या दिवशी हृदयाचे तातडीचे रुग्ण एरवीच्या अडीच पटीहून जास्त निघाले. तुला त्याची काळजी नको, मला आहे. रिमोट शोधत होतो तो काही नुसता रागाने नव्हे.

आणखी एक गंमत सांगतो, रागावू नकोस. तुझे जुने मेसेज मी चाळले. रविवारचा: ‘आपण जिंकलो!!’ ग्रिम्सबीच्या रात्रीचा: ‘हे लोक कधी सुधारणार नाहीत.’ रविवारी आपण, ऑगस्टमध्ये हे लोक. १९७६मध्ये रॉबर्ट चाल्डिनी नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठातल्या मुलांवर नेमका हाच अभ्यास केला. कॉलेजचा संघ जिंकला की मुलं ‘आम्ही’ म्हणत, हरला की ‘ते’. आणि जिंकल्याच्या पुढच्या सोमवारी कॉलेजच्या नावाचे कपडे जास्त दिसत. तेव्हा तू एकटी नाहीस. मीही २०१४पासून किती वेळा ‘हे लोक’ म्हणालो, ते आठवत बसलो तर पत्र संपणार नाही. पण एक करून बघ. पुढच्या वेळी हरलो की मुद्दाम ‘आपण हरलो’ असं लिही. जीभ अडखळते. माझी तर अजून अडखळते.

मॅग्वायरचं काय करायचं ते मात्र तुलाच ठरवावं लागेल. २०१९मध्ये आपण त्याला ८ कोटी पौंडांना आणलं, बचावपटूसाठी तोवर कुणीच एवढी रक्कम मोजली नव्हती. कप्तान केलं. २०२३मध्ये कप्तानपद काढून घेतलं. मधल्या काळात त्याच्यावर जे विनोद झाले त्यातले निम्मे मला तुझ्याकडून आले. एकात तो वळायला निघतो आणि ऋतू बदलून जातो. मी हसलो होतो, खोटं कशाला बोलू. मग या एप्रिलमध्ये लियॉंविरुद्ध त्याने जादा वेळेच्या अखेरीस डोक्याने गोल केला, ५–४. आता हा. दोन्ही वेळा तू त्याला देव केलंस. देव करू नकोस आणि विदूषकही करू नकोस. बत्तिशी ओलांडलेला माणूस आहे. क्लबाने विकायला काढला होता तरी राहिला, सराव करत राहिला. तो विनोद अजून तुझ्या फोनमध्ये असेल तर काढून टाक. त्याला काही कळणार नाही, पण तुला कळेल.

आता खरा विषय. तुझी लिव्हरपूलवाली मैत्रीण.

तू मला अभिमानाने सांगितलंस: शेवटची शिट्टी झाल्यावर तिला चौदा स्क्रीनशॉट पाठवले, ‘रडून घे’ असं लिहिलं, मग ग्रुपवर तिचा जुना सात-शून्यचा मेसेज सगळ्यांसमोर टाकला. ती ग्रुपमधून बाहेर पडली. ‘पळाली!’ असं तू मला लिहिलंस. तेविसावा मेसेज त्यानंतर अठरा तासांनी आला. या दोन गोष्टी तू एकमेकींना जोडल्या नाहीस. मी जोडल्या.

या वैरात आपलं नेमकं काय गेलंय, याचा कधी विचार केलास? इंग्लंडमधली ती दोन शहरं. १८९४मध्ये मॅंचेस्टरवाल्यांनी जहाजांसाठी कालवा उघडला, म्हणजे माल लिव्हरपूलच्या बंदरात न उतरवता, तिथला कर न भरता थेट आपल्या शहरात आणता येईल. लिव्हरपूलवाले चिडले. आपल्या क्लबच्या बोधचिन्हातलं गलबत त्या कालव्याचं, असं सगळे सांगतात. शहराच्या चिन्हात ते १८४२पासून आहे, कालवा नंतरचा, पण ते असो. मुद्दा असा की सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या बंदराच्या करावरून तू तुझ्या मैत्रिणीला रडवलंस. आणि ज्या मॅट बस्बींनी आपला क्लब घडवला, ते खेळाडू म्हणून लिव्हरपूलचे होते, तिथे कप्तानही होते. गोष्ट इतकी सरळ नाही.

चिडवू नकोस असं मी म्हणत नाही. चिडवायचं नाही तर बघायचं कशाला? फक्त काही दारं आहेत, त्यांच्या आत शिरायचं नाही. ६ फेब्रुवारी १९५८ला म्युनिकच्या विमानतळावर आपला संघ घेऊन निघालेलं विमान कोसळलं, २३ माणसं गेली, त्यात आपले आठ खेळाडू. १९८९मध्ये हिल्सबरोच्या चेंगराचेंगरीत लिव्हरपूलची ९७ माणसं गेली. या दोन्हींवरून एकमेकांना हिणवणारी गाणी गाणारे दोन्हीकडे आहेत, आपल्याकडचेही. या जुलैत त्यांचा खेळाडू डिओगो झोटा आणि त्याचा भाऊ मोटारीच्या अपघातात गेले. तू त्यातलं काही बोलली नाहीस, मला माहीत आहे. पण ग्रुपवर तुझ्या मेसेजखाली कुणीतरी बोललं आणि तू हसरं तोंड टाकलंस, असं तूच पाठवलेल्या फोटोत दिसतंय. ते बघ एकदा.

माझंही ऐक. २४ जानेवारी १९९९, एफए कप, ओल्ड ट्रॅफर्ड. लिव्हरपूलच्या ओवेनने तिसऱ्याच मिनिटाला गोल केला आणि ८८व्या मिनिटापर्यंत आपण हरत होतो. मग आपला यॉर्क, आणि भरपाईच्या वेळेत आपलाच सोल्शार. २–१. माझा एक जिवलग मित्र लिव्हरपूलचा. मी त्याच रात्री उशिरा त्याला फोन लावला. तेव्हा घरातले फोन, वाजला की सगळं घर जागं व्हायचं. त्याने उचलला आणि मी सलग पाच-सात मिनिटं बोललो. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने एक शब्द उच्चारला नाही, रिसीव्हर खाली ठेवला. मीही तेव्हा ‘पळाला’ असंच म्हणालो होतो.

त्यानंतर आमचं बोलणं तुटलं. भांडण झालं नाही, नुसतं तुटलं. त्या वर्षी आपण तिन्ही चषक जिंकले, आणि मे महिन्यात बार्सिलोनातल्या त्या अंतिम सामन्यानंतर मी सवयीने फोनजवळ गेलो, नंबर फिरवायला बोट घातलं आणि काढून घेतलं. पण खरा फटका बसला २५ मे २००५ला. इस्तंबूल, चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना. मिलानविरुद्ध लिव्हरपूल मध्यंतराला ०–३ मागे. मग सहा मिनिटांत तीन गोल, आणि शेवटी पेनल्टीवर चषक त्यांचा. मी पलंगावर बसून फोनकडे बघत होतो. आता वाजेल. आता तो मला सोडणार नाही, सहा वर्षांचं सगळं काढेल. मी तर उत्तरंही तयार ठेवली होती. फोन वाजलाच नाही. त्या रात्री इतकं रिकामं वाटलं की काय सांगू. आपण हरलेलोही नव्हतो.

शेवटी मीच लावला. त्याने उचलला. बराच वेळ कुणीच बोलेना. मग तो म्हणाला, ‘बघितलंस?’ मी म्हटलं, ‘बघितलं. तुमच्या गोलकीपर दुदेकचा तो शेवचेंकोला अडवलेला चेंडू परत एकदा सांग.’ त्याने पाऊण तास सांगितलं.

परवाही बोललो आम्ही. हो, तुझे मेसेज येत होते तेव्हाच. म्हणून लाइन बिझी होती. मी जिंकल्याचं काढलंच नाही, तोच म्हणाला, ‘तुमचा तो मॅग्वायर!’ आणि मग आम्ही गाकपोवर आलो. ते तीन खांब नव्हेत. अगदी शेवटी लांबच्या खांबापाशी चेंडू त्याच्या डोक्यावर आला, गोल उघडा पडलेला, आणि त्याने बाहेर मारला, तो. मित्राचं म्हणणं, चेंडूने ऐनवेळी टप्पा घेतला. माझं म्हणणं, त्याने डोळे मिटले. अजून निकाल लागलेला नाही.

तू आज तिला लिही. माफीचं लांबलचक नको, तुला ते जमतही नाही. एक ‘सॉरी’, आणि त्याखाली विचार, गाकपोचा तो हेडर तिला काय वाटला: टप्पा की डोळे? मलाही तिचं मत हवंय.

तुझा,
काका

ता. क. वॉलपेपरला चमच्यांचा फोटो लाव. मी काढून ठेवलेत, मीठवाला गोलकीपर आहे.