बेडरूममध्ये वायफाय रांगतंय? प्लॅन वाढवण्याआधी लॅन केबल लावून बघा

तुमचा प्लॅन २०० एमबीपीएसचा, राउटर हॉलमधल्या टीव्ही युनिटच्या कपाटात आणि बेडरूममध्ये मोबाइलवर मिळतात जेमतेम १५-२०. म्हणून ३०० चा प्लॅन घ्यायचा विचार करताय. कृपया घेऊ नका, आधी दोष लाइनमध्ये आहे की घरातल्या हवेत, ते शोधा.

लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा, त्याचं वायफाय बंद करा आणि मग स्पीड टेस्ट घ्या. आकडा १९० च्या आसपास आला तर लाइन चोख आहे. पण ९३-९४ वरच अडकला, तर केबल किंवा पोर्टवर संशय घ्या. माझ्याकडे हेच झालं होतं. वर्षभर २०० चे पैसे भरले आणि वापरले ९४. फायबरच्या डब्यातून राउटरकडे येणाऱ्या केबलमध्ये आठांपैकी चारच तारा कनेक्टरमध्ये बसवल्या होत्या. चार तारांवर १०० एमबीपीएसपर्यंतच जोडणी होते, गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, आठही लागतात. आठही तारा जोडलेली नवी कॅट-५ई प्रकारची लॅन केबल लावली आणि त्याच दिवशी फरक पडला. काही स्वस्त राउटरचे पोर्टच १०० चे असतात, तेही तपासा.

केबलवर वेग ठीक असेल, तर राउटर आधी त्या कपाटातून बाहेर काढा. उंचावर, मोकळ्यावर, बेडरूमच्या दाराच्या दिशेला ठेवा. लोखंडी कपाट आणि मोठा आरसा मध्ये नको. मग मोबाइल कुठल्या बँडवर, म्हणजे वायफायच्या कुठल्या लहरींवर, आहे ते बघा. २.४ गिगाहर्ट्झ लांब पोचतो, पण सोसायटीत शेजारपाजारच्या सगळ्यांची गर्दी त्याच्यावरच. या बँडच्या आत चॅनलं, म्हणजे वेगवेगळ्या वाटा, असतात; त्यातली एकमेकांत न मिसळणारी तीनच, १, ६ आणि ११. त्यातलं मोकळं निवडा. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण आरसीसीच्या भिंतीपुढे लवकर दमतो. दोन्हींना वेगळी नावं द्या, म्हणजे नेमकं कशावर आहात ते कळेल.

एवढं करूनही बेडरूम कोरडीच राहिली, तर रिपीटर, म्हणजे वायफायचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा, घाईने आणू नका. जिथे सिग्नलच पोचत नाही तिथे तो काय पुढे पाठवणार? बेडरूमपर्यंत केबल ओढून जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केबलवरून आलेलं नेट तिथे वायफायने देण्यासाठी, लावणं केव्हाही चांगलं.

केबलची टेस्ट मात्र रात्री नऊ-दहाला आणि पहाटे, अशी दोनदा घ्या. फक्त रात्रीच वेग कोसळत असेल, तर बहुधा गर्दी कंपनीच्या बाजूला आहे. दोन्ही स्क्रीनशॉट जोडून लेखी तक्रार करा.