डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेतल्या डिलीट, ट्रंकेट आणि ड्रॉप या आज्ञांत नेमका फरक काय? मुलाखतीत काय सांगावं?

मुलाखतीपुरतं हवं असेल तर डिलीट ओळी काढतं, ट्रंकेट टेबल रिकामं करून सांगाडा ठेवतं, ड्रॉप सांगाड्यासकट नेतं. एवढं पाठ करून मलाही नोकरी लागली होती.

२००९ साली एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर सांभाळायचो, ओरॅकल १०जी या डेटाबेसवर. पिग्मी एजंट संध्याकाळी मशीनमधली वसुली उतरवायचे, ती एका टेबलात पडायची आणि पोस्टिंग (खात्यांत नोंद) झालं की ते टेबल रिकामं करायचं. मी डिलीट मारायचो. आमचे सीनियर म्हणाले, "किती वेळ घालवतोस! ट्रंकेट मार, फास्ट डिलीटच ते. चुकलं तर रोलबॅक आहेच." रोलबॅक म्हणजे केलेला बदल मागे घेणं.

एके दिवशी पोस्टिंग व्हायच्या आधीच मारलं. घाम फुटला, लगेच रोलबॅक टाइप केलं. स्क्रीनवर उमटलं: 'रोलबॅक कम्प्लीट'. जीवात जीव आला. काउंट काढला तर शून्य.

ओरॅकलमध्ये ट्रंकेटबरोबर आपोआप कमिट होतं, म्हणजे बदल कायमचा पक्का होतो. रोलबॅकला मागे फिरवायला काही उरतच नाही, पण 'कम्प्लीट' म्हणायला त्याचं काय जातंय! मशीनंही तोवर रिकामी झालेली. अकरा एजंटांना परत बोलावलं आणि पावत्यांवरून रात्री साडेबारापर्यंत एकेक नोंद घातली. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये सीनियर सगळ्यांसमोर म्हणाले, "याचं बेसिकच कच्चं आहे."

बेसिकच काढायचं तर ट्रंकेट हा डिलीटचा नव्हे, ड्रॉपचा भाऊ. डिलीट एकेक ओळ काढतं, तिची नोंद ठेवतं, ट्रिगर (बदल झाला की आपोआप चालणारा कोड) चालवतं, म्हणून हळू. ट्रंकेट थेट जागाच सोडून देतं. आणि गंमत म्हणजे त्या दिवशी मी चक्क ड्रॉप मारलं असतं तर वाचलो असतो. १०जीमध्ये ड्रॉप केलेलं टेबल रिसायकल बिनमध्ये जातं, तिथून फ्लॅशबॅकने परत आणता येतं. (बिन बंद करून ठेवलेली नसेल तर.)

हो, एक राहिलं. पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये ट्रान्झॅक्शनच्या (कमिट व्हायच्या आधीच्या बदलांच्या गठ्ठ्याच्या) आत मारलेलं ट्रंकेट रोलबॅक होतं. मायएसक्यूएलमध्ये नाही. तेव्हा मुलाखतीत आधी विचारा, "कुठला डेटाबेस?" सीनियर एसक्यूएल सर्व्हरवरून आलेले, त्यांच्या घरी ते खरंच होतं. तेवढंच मीटिंगमध्ये कबूल केलं असतं, तर पावत्यांचं मी कधीच विसरलो असतो.