सोलापुरात ओटीजीमध्ये (घरगुती छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) केलेल्या बिनअंड्याच्या ओट्स चॉकलेट चिप कुकीज पसरून एकमेकींना चिकटतात आणि गार झाल्यावर कडक होतात. काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की बटर तासभर बाहेर ठेवून 'रूम टेंपरेचर'ला आणलं, मैदा आणि ओट्स वाटीने मोजले, 180 अंशांवर 15 मिनिटं भाजलं, आणि तरी ट्रेभर एकच पापडी झाली. कृती बहुधा ठीकच असेल. फक्त ती सोलापूरच्या स्वयंपाकघरासाठी लिहिलेली नाही.

अशा कृतींमधलं 'रूम टेंपरेचर' म्हणजे साधारण 20 अंश सेल्सिअस. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा चाळिशी ओलांडतो आणि आत ओट्यापाशी 35 अंश सहज असतात. तेवढ्यात बटर तासभरात जवळजवळ तेल होतं. असं पीठ ओव्हनमध्ये गेलं की मैदा आणि ओट्स धरायच्या आधीच बटर वाहतं, कुकी पातळ पसरते आणि पातळ असल्यामुळे 15 मिनिटांत आतपर्यंत सुकते. म्हणजे पसरणं आणि कडक होणं या तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच.

त्यात वाटीची भर पडते. परदेशी कृतीतला एक कप 240 मिलीचा असतो, आपली आमटीची वाटी साधारण 150 मिलीची. बटर ग्रॅममध्ये आणि मैदा वाटीने घेतला की मैदा निम्म्याच्या जरा वर पोचतो. डिजिटल वजनकाटा घ्या. बेकिंगसाठी ओटीजीच्या आधी तो घ्यायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

बटरचा छोटा पॅक 100 ग्रॅमचा मिळतो, म्हणून त्यावरच बेतलेलं प्रमाण देते. खारं बटर 100 ग्रॅम (वर मीठ घालायचं नाही), ब्राऊन शुगर 90 ग्रॅम, पांढरी साखर 40 ग्रॅम, मैदा 110 ग्रॅम, ओट्स 120 ग्रॅम, खायचा सोडा सपाट अर्धा छोटा चमचा (5 मिलीच्या मापाचा), व्हॅनिला एक छोटा चमचा, चॉकलेट चिप्स 100 ग्रॅम. अंड्याऐवजी कच्च्या जवसाची बारीक पूड एक मोठा चमचा आणि पाणी तीन मोठे चमचे (मोठा चमचा 15 मिलीचा). दहा मिनिटांत ते चिकट, बुळबुळीत झालं पाहिजे. चटणीसाठी भाजून ठेवलेलं जवस इथे नको, त्याचा वास कुकीत पुढे येतो. अंडं चालत असेल तर जवसाऐवजी एक अंडं घ्या आणि मैदा 100 ग्रॅमवर आणा. अंडं भाजताना स्वतःच धरतं, त्यामुळे तेवढा आधार कमी चालतो. एवढ्यात 30 ते 35 ग्रॅमच्या गोळ्यांच्या 18-20 कुकीज होतात.

साखरेकडे लोक दुर्लक्ष करतात. आपली दुकानातली साखर जाड असते, ती पिठात विरघळत नाही. ओव्हनमध्ये उशिरा विरघळते आणि कुकी आणखी पसरते. मिक्सरला एकदोनदा फिरवून बारीक रव्याइतकी करा. पिठीसाखर करू नका, पोत नानकटाईकडे जातो. ब्राऊन शुगर नसेल तर 90 ग्रॅम साखरेला दोन छोटे चमचे काकवी हाताने चोळा, काम होतं. गूळ पावडरही चालते, पण गाठी चाळून घ्या आणि आच 160 अंशांवर ठेवा, कारण गुळाची कुकी लवकर काळवंडते.

ओट्स पाकिटावर 'रोल्ड' लिहिलेले, अख्ख्या चपट्या पाकळ्यांचे घ्या. झटपट शिजणारे बारीक ओट्स पाणी लगेच पितात आणि कुकी पिठूळ होते. तेच घरात असतील तर 15 ग्रॅम कमी घ्या. मसाला ओट्सबद्दल काही बोलायला नको.

आता कृती. उन्हाळ्यात बटर फ्रिजमधून काढून तुकडे करा आणि दहाएक मिनिटंच बाहेर ठेवा. बोटाने दाबलं तर खळगा पडावा, बोट आत बुडू नये. स्टीलचं पातेलंसुद्धा आधी फ्रिजमध्ये ठेवा, ते ओट्यावर तापलेलं असतं. बटर आणि दोन्ही साखरा बीटरने दोन मिनिटं फेटा, मग जवस आणि व्हॅनिला घाला. मैदा आणि सोडा एकत्र चाळून घाला व कोरडा मैदा दिसेनासा होईपर्यंतच उलथण्याने हलवा. शेवटी ओट्स आणि चिप्स. मैदा घातल्यावर बीटर लावला तर चिवट होतं.

मे महिन्यात फेटण्याची ही कसरत नको असेल तर बटर सरळ वितळवा, कोमट होऊ द्या आणि त्यातच सगळं मिसळा. कुकी थोडी दाट आणि चघळायला मऊ होते, मला तर तीच जास्त आवडते. अडचण बटर वितळण्याची नसून पीठ गरम असताना ओव्हनमध्ये जाण्याची आहे. म्हणून यापुढची पायरी कुठल्याही ऋतूत टाळू नका: पीठ झाकून फ्रिजमध्ये किमान एक तास, वितळवलेलं बटर असेल तर दोन तास, शक्य असेल तर रात्रभर. या वेळात बटर पुन्हा घट्ट होतं आणि ओट्स ओलावा पिऊन फुगतात. रात्रभर ठेवलेल्या पिठाची चवही खमंग लागते. (सोड्याऐवजी इनो घालायचा सल्ला कोणी देईल. इनोत सोड्याबरोबर आम्लही असतं, त्यामुळे ओलाव्याशी गाठ पडताच तो सुटतो आणि फ्रिजमधल्या पिठात केव्हाच संपून जातो.)

ओटीजी वरखाली दोन्ही रॉड लावून 170 अंशांवर 15 मिनिटं आधी तापवा. बटनावरचा आकडा आणि आतली खरी आच यात 15-20 अंशांचा फरक सर्रास असतो, तेव्हा आत ठेवायचा छोटा थर्मामीटर घेतलात तर पुष्कळ कोडी सुटतील. ट्रेवर बटर पेपर, त्यावर गोळे, दोन गोळ्यांत पाच सेंटिमीटर जागा. बिनअंड्याचं गार पीठ स्वतःहून फारसं पसरत नाही, म्हणून गोळा दाबून दीड सेंटिमीटर जाड करा. मधल्या खाचेत 12 ते 14 मिनिटं. आठव्या मिनिटाला ट्रे फिरवा. बहुतेक ओटीजी मागच्या बाजूला जास्त भाजतात.

कडा सोनेरी आणि मधला भाग अजून ओलसर, कच्चा वाटतोय, त्याच क्षणी बाहेर काढायचं. इथेच धीर सुटतो आणि माणूस आणखी तीन मिनिटं लावतो. कुकी गरम असताना मऊच असते. तापलेल्या ट्रेवर सात-आठ मिनिटं राहिली की मधला भाग धरतो. मग जाळीवर काढा.

दुसरा घाणा त्याच तापलेल्या ट्रेवर लावू नका. गोळे खालूनच वितळायला लागतात आणि पहिल्या घाण्याच्या छान कुकीज बघून दुसऱ्याचं काय झालं ते कळत नाही. ट्रे उलटा करून पाठीवर पाणी सोडा, पुसा, मग वापरा. खालून करपत असेल तर ट्रे काळा आणि पातळ असेल. दोन ट्रे एकात एक ठेवा. उलट कुकी अजिबात पसरली नाही, गोळाच राहिला, तर मैदा जास्त झालाय किंवा ओव्हन जरुरीपेक्षा जास्त तापला होता. साबणासारखी चव म्हणजे सोडा जास्त.

बटरऐवजी तूप घालायचं असेल तर 80 ग्रॅम तूप आणि दीड मोठा चमचा दूध. तुपात पाणी जवळजवळ नसतं, बटरमध्ये ते सहाव्या हिश्शाच्या आसपास असतं, म्हणून ही भरपाई. तरी कुकी भुसभुशीत होईल. मैद्यातलं 30 ग्रॅम काढून ज्वारीचं पीठ घातलेलं छान लागतं, त्यापुढे गेलात तर रवाळ होऊन फुटते. चिप्स निम्म्या करून 50 ग्रॅम भाजलेले, जाडसर कुटलेले शेंगदाणे घाला. दाणे आपल्याकडे चांगले मिळतात आणि गोडही आटोक्यात राहतं.

चिप्सबद्दल एकच. खऱ्या चॉकलेटमधलं कोको बटर 34 अंशांच्या आसपास वितळतं. मेमध्ये भर दुपारी नव्या पेठेतून डिकीत टाकून आणल्या तर घरी लगदाच पोचेल. संध्याकाळी आणा आणि पिठात घालण्याआधी फ्रिजमध्ये ठेवा. कंपाउंड चिप्समध्ये कोको बटरऐवजी वनस्पती चरबी असते, त्या उन्हात जास्त तग धरतात, पण जिभेवर मेणचट लागतात.

कुकीज पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत त्या दोन दिवसांत सुकतात, डब्यात ब्रेडचा एक तुकडा ठेवला तर मऊ राहतात. पावसाळ्यात उलट होतं, सादळतात. मग 150 अंशांवर चार मिनिटं. सगळं पीठ एकदम भाजायची गरज नाही. गोळे करून दाबून फ्रीझरमध्ये ठेवले की महिनाभर टिकतात, आणि गोठलेलेच ओव्हनमध्ये जातात, फक्त दोन मिनिटं जास्त लावायची.