‘ॲना कॅरेनिना’सारखी जाडजूड कादंबरी दौऱ्यावरच्या नाटकात कशी मावते?

मावत नाहीच, युक्ती काढावी लागते. हेलन एडमंडसन यांनी १९९२ मध्ये ‘शेअर्ड एक्स्पिरियन्स’ या ब्रिटिश फिरत्या नाटक कंपनीसाठी केलेलं रूपांतर बघा. टॉलस्टॉयच्या या आठ भागांच्या कादंबरीत ॲना आणि लेविन (समांतर चालणाऱ्या दुसऱ्या कथेचा नायक, एक जमीनदार) एकदाच भेटतात, तेही पार सातव्या भागात. इथे मात्र दोघं सुरुवातीपासून रंगमंचावर समोरासमोर असतात आणि एकमेकांना विचारत राहतात, ‘आता तू कुठे आहेस?’ उत्तर आलं की जागा बदलली: मॉस्को, पीटर्सबर्ग, लेविनची शेती. दरवेळी नेपथ्य हलवायला नको. (दौऱ्यावर ट्रकमधलं सामानही कमी!) लेविनला कात्री लावून नुसतं ॲनाचं प्रेमप्रकरण दाखवणारी रूपांतरं मला तरी अर्धवटच वाटतात.