वर्ट उकळताना उतू जाऊ नये म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की पातेलं ३० लिटरचं आहे, १९ लिटर बिअरसाठी २५ लिटर वर्ट (माल्टचं गोड पाणी, तेच आंबवून बिअर होते) उकळायला ठेवता आणि दर वेळी शेगडी चिकट होते. फेसाला जेमतेम पाच लिटर जागा उरली की असंच होणार. पण पातेलं न बदलताही हे आवरता येतं. मी पोर्टलंडला परसात गॅसच्या बर्नरवर एवढ्याच पातेल्यात बिअर करतो.

आधी फेस कधी येतो ते ओळखा. उकळी फुटायच्या बेतात असताना माल्टमधली (म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातली) प्रथिनं बुडबुड्यांना धरून ठेवतात, ते फुटत नाहीत आणि सगळा थर वर चढतो. अगदी दुधासारखं. मात्र दुधावर डाव आडवा टाकून भागतं, इथे भागत नाही. उकळी चालू राहिली की पाच-दहा मिनिटांत ती प्रथिनं फाटलेल्या दुधासारखी गोळा होतात आणि फेस खाली बसतो. यालाच हॉट ब्रेक म्हणतात. तोवर पातेल्यापासून हलू नका. फोन आला तरी नाही.

वर्ट ९३-९४ अंशांवर गेला की आच निम्मी करा. फेस वर येऊ लागला की ढवळा आणि हाताशी ठेवलेल्या फवाऱ्याच्या बाटलीतून गार पाणी मारा. तरी चढलाच तर आच बंद करा. तुमची शेगडी विजेच्या कॉइलची असेल तर ती बंद केल्यावरही तापलेली राहते, म्हणून आच आणखी आधी कमी करायला हवी. झाकण अजिबात ठेवू नका. एक तर फेस दिसत नाही, शिवाय वाफेबरोबर जाणारं डायमिथाइल सल्फाइड परत आत ठिबकतं आणि बिअरला उकडलेल्या मक्याचा वास येतो.

माल्ट एक्स्ट्रॅक्ट (माल्टचा तयार दाट पाक किंवा भुकटी) वापरत असाल तर ते आच बंद करूनच घाला आणि पूर्ण विरघळल्यावर परत पेटवा.

दुसरा धोका हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा. पहिल्या वर्षी मी नुकत्याच उकळी फुटलेल्या वर्टमध्ये हॉप्सच्या गोळ्या एका दमात ओतल्या. त्या बारीक कणांवर एकदम हजारो बुडबुडे धरले आणि वर्ट भसकन बाहेर आला. जाड बूट होते म्हणून पाय वाचला. गरम वर्ट साखरेचा असतो, कातडीला चिकटून भाजत राहतो. तेव्हापासून हॉट ब्रेक होऊन गेल्यावरच, चिमूट-चिमूट घालतो.

माझं बालपण कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळांत गेलं. काहिलीत फेस चढला की गुळव्या थोडं तेल टाकायचा. वरणाच्या कुकरमध्येही आपण थेंबभर घालतो. बिअरमध्ये मात्र तेल घालू नका, ग्लासातला फेसही मरतो. त्याऐवजी ब्रूइंगच्या दुकानात फर्मकॅप मिळतं. त्यात सिमेथिकोन असतं, बाळांना पोटातल्या वायूसाठी देतात तेच. गॅलनला (सुमारे ३.८ लिटरला) एक-दोन थेंब पुरतात. ते यीस्ट आणि गाळाबरोबर तळाशी बसतं, त्यामुळे ग्लासातल्या फेसाला धक्का लागत नाही. तुमच्याएवढ्या कमी जागेत मी ते डोळे झाकून वापरेन. गव्हाच्या बिअरला तर नक्कीच, कारण गव्हात प्रथिनं जास्त.

हेच थेंब आंबवणीतही उपयोगी पडतात. तरीही पहिले तीन-चार दिवस एअरलॉकऐवजी (वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी छोटी झडप) जाड नळी लावून तिचं टोक निर्जंतुक पाण्याच्या बादलीत बुडवा. एअरलॉक फेसाने तुंबला तर आंबवणीच्या भांड्याचं झाकण उडून छतापर्यंत जातं.